दोघांनी घ्यायच्या गोळ्या

“ह्यो गूळ आपल्या दुकानाचा न्हवं.”

मालक ताटाशी बोलत होते, माझ्याशी नाही. मी चुलीपुढं पाठमोरी बसले होते. आमच्या स्वैपाकघरात दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं, एवढीच जागा, त्यामुळं त्यांचं पुटपुटणंसुद्धा माझ्या मानेवर येत होतं. भाकरी उलटायचं सोडून मी कान मागं लावले.

“आनि आपल्या दुकानाचा असला, तर कुणीतरी त्याचं वाटोळं केलंय.”

भाकरी करपली.

माझे मालक, जोतीराम, मार्केट यार्डात आण्णांच्या अडत दुकानात गुळाची पारख करायचे. पारख म्हणजे सगळं जिभेचं काम. शेतकऱ्यानं गाडी सोडून गुळाच्या ढेपी, म्हणजे रवे, मांडले की ह्यांनी एकेका रव्याचा कण काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे बारीक करायचे आणि मग सांगायचं: ह्यात चुना जादा पडलाय, ह्याचा रस शिळा होता, ह्या उसाला खारं पाणी दिलंय. शेतकरी शपथा घ्यायचा आणि शेवटी कबूल व्हायचा. असल्या माणसाला मी गुळातून औषध चारायला निघाले होते. गोळ्या वरवंट्यानं कुटल्या, गूळ तव्यावर कोमट केला, त्यात सुंठ, वेलदोडा आणि बोटभर तूप घालून लाडू मळला. माझा बाप मुरगूडचा नावाजलेला गुळव्या. त्याच्या काहिलीपुढं मी वाढले. मला वाटलं, मला जमेल.

कशाचं औषध, ते आता सांगते. बहात्तरचा दुष्काळ हटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या वेळी हे तोंडातून काढायचं म्हणजे गल्लीच्या नळावर लुगडं फेडून उभं राहिल्यासारखंच होतं.

दसऱ्याच्या आधीपासून माझ्या अंगावरून जात होतं. नेहमीचं पांढरं नव्हे. पिवळट, फेसाळ, आणि वास येणारं. खाज अशी सुटायची की चारचौघींत बसलेलं उठवेना आणि उठलेलं बसवेना. लघवीला गेलं की आग. मी सासूबाईंना, आमच्या आत्तींना, अर्धंमुर्धं सांगितलं. त्या म्हणाल्या, “उष्णता.” आमच्याकडं पायाच्या भेगेपासून डोक्यातल्या कोंड्यापर्यंत सगळी उष्णताच. मी सब्जा खाल्ला, तांदळाचं धुवण प्याले, गुलकंद खाल्ला. आत्तींनी माझं तिखट बंद केलं. कोल्हापुरात राहून मी महिनाभर फिकी आमटी ओरपली, पण खाज होती तिथंच होती.

मला दोन भ्यावं होती. माझी थोरली बहीण पिशवीच्या कॅन्सरनं गेलेली. तिचं सुरुवातीला असंच काहीसं होतं म्हणून घरातले बोलायचे. हे पहिलं. दुसरं भ्याव गल्लीतल्या धोंडुबाईचं. तिला हीच तक्रार होती. तिच्या सासूनं दोरीवरची धुणी बघितली, वास घेतला, आणि “ही बाई बाहेरख्याली हाय” म्हणून महिन्याच्या आत तिला शाहूवाडीला माहेरी घालवून दिली. वर्ष सरायच्या आत नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. नवरा मुंबईच्या लॉरीवर होता. त्यानं कुठं काय केलं असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं असेल तर तोंडात आलं नाही. मी स्वतः त्या लग्नातले लाडू खाऊन आले होते.

दिवाळी झाली आणि मी लेकीसाठी काचेच्या बांगड्या आणायचं निमित्त काढून राजारामपुरीत लीलाबाई डॉक्टरांकडं गेले. लेक नेसरीला दिलेली. तिला मनगटभर बांगड्या आधीच होत्या, पण आत्तींना ते सुचलं नाही.

लीलाबाईंनी तपासलं, काचेवर काहीतरी घेतलं, आतल्या खोलीत जाऊन बघून आल्या, आणि हात धूत म्हणाल्या, “कॅन्सर वगैरे काही नाही हं. उगाच घाबरू नका.”

मी कॅन्सरचा शब्दसुद्धा काढला नव्हता. पण बाईमाणसाला बघून बाईला कळतं. मला टेबलावर पडल्यापडल्याच रडू फुटलं. त्यांनी मला मनासारखं रडू दिलं आणि मग विचारलं, “मिस्टर बाहेरगावी असतात का?”

“दोन वर्षं झाली, उन्हाळ्यात गुजरातला जात्यात. गुळाबरोबर. राजकोटला.”

“हं,” त्या म्हणाल्या.

त्या एवढ्याशा ‘हं’मध्ये काय काय होतं, ते मला दवाखान्यातून घरी चालत येईपर्यंत उलगडत राहिलं. त्यांनी सगळं नीट समजावलं. ही एक लागण आहे. बारीक जंतू असतो, तो नवराबायकोत इकडून तिकडं फिरतो. बाईला त्रास होतो; पुरुषाच्या अंगात तो गुपचूप बसतो, बऱ्याचदा त्याला पत्ताही नसतो. गोळ्यांनी तो हमखास जातो. पण दोघांनी एकदम घ्यायच्या. एकटीनं घेतल्या तर परत येणार. आठवडाभर दारू अजिबात नाही. गोळ्या संपेपर्यंत संबंध ठेवायचा नाही, ठेवलाच तर निरोध वापरायचा.

“आली कुठनं ही?” मी विचारलं.

लीलाबाईंनी पेनचं टोपण लावलं. “ते मी छातीठोक सांगू शकत नाही. कधी कधी फार दिवस अंगात राहते आणि मग डोकं वर काढते. तुम्ही मिस्टरांशी बोला. स्पष्ट बोला.”

स्पष्ट बोला! त्यांनी स्वतः ‘हं’ म्हणून भागवलं होतं.

इथंच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको: मी बरी झाले. खडखडीत झाले. पुढच्या साली राजकोटला मीसुद्धा गेले, तिथली फाफड्याची गाडी बघितली, आणि एका धर्मशाळेत आम्ही दोघं भांडलोही झकास. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवाळीत माझ्या पिशवीत दोन पुड्या होत्या आणि तोंडात एक शब्द नव्हता.

माझी अडचण नीट समजून घ्या. गोळ्या घ्या म्हटलं की ते विचारणार, कशाच्या. सांगितलं की विचारणार, तुला कुठनं लागलं. तिथं ते काय म्हणतील, आणि आत भिंतीला कान लावून बसलेल्या आत्ती काय म्हणतील, ते मला धोंडुबाईनं दाखवून ठेवलं होतं. दुखणं कुणाचंही असो, बोचकं बाईचंच बांधलं जातं. म्हणून मी एक शहाणपणा केला. त्यांची पुडी त्यांच्या हातात ठेवून म्हणाले, “ताकदीच्या हायत. रोज खावा.”

मालकांनी स्वतःच्या दंडाकडं बघितलं, पुडी खिशात टाकली, आणि दुकानात जाऊन ती गुंडूला देऊन टाकली.

गुंडू हा दुकानातला हमाल. काठीसारखा वाळलेला. मालकांचा जीव मऊ. ताकदीची गरज आपल्यापेक्षा गुंडूला, असं त्यांना वाटलं. गुंडूनं इमानेइतबारे गोळ्या खाल्ल्या आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणं गुत्त्यावर गेला. तिथं त्याला अशी ओकारी झाली, असं तोंड लालभडक झालं, छाती अशी धडधडली, की चौघांनी उचलून घरी आणला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं गुत्त्याच्या दिशेनं हात जोडले ते कायमचे. त्याची बायको आजतागायत मला वाटेत धरून म्हणते, “वैनी, तुमच्या मालकांनी माझा संसार मार्गी लावला बगा.”

गुंडूचा संसार मार्गी लागला. माझा तिथंच होता. माझ्या गोळ्यांनी मी बरी झाले, आणि पौषात परत पहिल्यासारखी झाले. परत लीलाबाई. त्यांनी विचारलं, “मिस्टरांना दिल्या होत्या ना?” मी म्हणाले, “दिल्या की.” दिल्याच होत्या. त्यांनी पुन्हा दोन पुड्या दिल्या आणि ह्या वेळी चष्म्यावरून माझ्याकडं फार वेळ बघितलं.

तर अशा रीतीनं आपण त्या सकाळच्या लाडवापाशी आलो.

मालकांनी तोंडातला घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. उरलेला लाडू बोटांनी फोडला, नाकाशी नेला, एक कण जिभेच्या टोकाला लावला. डोळे बारीक केले. मी आता तोंड वळवून सरळ बघतच बसले. माझ्या मालकांना मी काम करताना असं जवळून कधी बघितलं नव्हतं.

“चुना न्हाई,” ते म्हणाले. “करपल्यालाबी न्हाई. गूळ चांगला हाय. परत तापवून मळलाय, आनि कडू हाय ते वरनं घातलंय. सुंठ त्याच्यावर पांघरूण म्हणून टाकलीया.” मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “बना, काय घातलंयस ह्यात?”

मी उत्तर देणार, तोवर दारात आत्ती उभ्या.

“चारलं!” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “माझ्या लेकराला कायतरी चारलं गं हिनं! चार महिनं बघतीया मी, हिचं येणं-जाणं, हिचं गुपचूप गुपचूप. जोती, थुक! सगळं थुक! आत्ताच्या आत्ता देवरुष्याकडं चल!”

“आई, गप बस,” मालक म्हणाले. त्यांनी लाडू रुमालात बांधला, पटका उचलला, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता दुकानाला गेले.

दुपारपर्यंत मी काय काम केलं, मला आठवत नाही. आत्ती ओसरीवर बसून तुळशीला सगळं सांगत होत्या. मी डबा भरला. रोजचा डबा मीच न्यायची. त्या दिवशी नेला नसता तर तोही माझ्याविरुद्धच पुरावा झाला असता.

आण्णांच्या दुकानामागं गुळाचं गोडाऊन होतं. आत शिरलं की पाय जमिनीला चिकटायचे आणि उचलताना चटचट वाजायचे. कौलातल्या काचेतून उजेडाचा एक पट्टा खाली यायचा, त्यात माश्या आणि गांधीलमाश्या नुसत्या घोंगावायच्या. मालक एका गोणपाटावर बसले होते. पुढ्यात रुमाल, रुमालावर लाडू.

“दार लोट,” ते म्हणाले. “बस.”

मी बसले. डबा मधे ठेवला.

“वशीकरण हाय काय?”

“तुमचं?” माझ्या तोंडून निघून गेलं. “अवं, डोक्याचं चांदणं झाल्याल्या माणसाचं वशीकरण करून मी काय करू?”

त्यांची मिशी हलली, पण त्यांनी तिला आवरलं. “मग काय हाय?”

“औषध हाय.”

“मला काय झालंय?”

“तुमास्नी न्हाई. मला झालंय.”

ते विचारात पडले. मोठ्या सरळ मनानं पडले. “तुला झालंय, तर औषध मला कशाला?”

बाहेर सौदा सुरू होता. आकडे ओरडले जात होते. एवढ्या गोंगाटात मी काहीही बोलले असते तरी ते कुणाच्या कानाला लागलं नसतं, आणि मला एकदम वाटलं, आमच्या घरात आहे का अशी एक जागा? नाही. मग इथंच.

मी सांगितलं. खाली बघून नाही, त्यांच्याकडं बघून सांगितलं. कुठनं जातं, कसलं जातं, वास कसला, आग कुठं, आणि ते रात्री जवळ आल्यावर मी भिंतीकडं तोंड का करते. आम्ही लेकीचं लग्न करून बसलो होतो. एकमेकांचं अंग आम्हाला अंधारात पाठ होतं. पण त्या अंगातल्या जागांची नावं उजेडात घेऊन आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. सुरुवातीला जीभ अडखळली. मग पाट सुटल्यासारखं झालं. बोलता बोलता मला हलकं हलकं वाटायला लागलं, आणि मी बहुतेक गरजेपेक्षा थोडं जास्तच सांगितलं.

मालकांचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही:

“थोरलीचं झालं तसलं न्हाई न्हवं?”

माझ्या बहिणीला सरकारी दवाखान्यात नेताना तिच्या खाटेचा एक पाय ह्यांनी धरला होता. मी विसरले होते. ते विसरले नव्हते.

“न्हाई वो,” मी म्हणाले. “तसलं कायबी न्हाई. डॉक्टरीणबाईनं बघून सांगितलं.”

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. पटक्याच्या शेवटानं कपाळ पुसलं. “मग कसलं हाय?”

“लागण. दोघांत फिरती. म्हणून गोळ्या दोघांनी खायच्या. मी एकटीनं एकदा खाल्ल्या, बरी झाले, परत आली.”

“कुणाकडनं लागली?”

ते बोलून गेले. बोलल्यावर त्यांनाच ऐकू आलं असावं. हात लाडवाकडं गेला आणि तसाच राहिला.

“मी कुठं कुठं जाते, ते तुमास्नी ठाव हाय,” मी म्हणाले. “गिरणी, नदी, आनि तुमचा डबा. तुमी कुठं कुठं जाताय, ते मला ठाव न्हाई. आता खरं तेबी सांगते. डॉक्टरीणबाई म्हणाली, कुठनं आली ते ती छातीठोक सांगू शकत न्हाई. कवाकवा फार दिस अंगात बसून असती म्हणं. एवढी फट तुमास्नी हाय. त्यातनं बाहेर पडायचं असलं, तर पडा. मी धरणार न्हाई.”

ते त्या फटीतून बाहेर पडले नाहीत. आतही आले नाहीत. मधेच अडकून बसले.

“मला बी मागल्या उन्हाळ्यात आग व्हत व्हती,” ते म्हणाले. “तिकडंच. एकानं सुई टोचली, थांबलं.”

“कशाची आग?”

“उष्णता. तिकडचं पाणी मानवत न्हाई.”

“पाण्याला सुई टोचत्यात व्हय?”

“जोत्या!” बाहेरून आण्णांची हाक आली. “आरं कुठं बसलास? पावणं खोळंबल्यात!”

मालक असे उठले की जणू आण्णांनी बुडत्याला हात दिला. दार उघडं टाकून गेले. मी तिथंच बसून राहिले आणि दारातून बघत राहिले. सांगावचा कुणी शेतकरी होता. मालकांनी कण चाखला आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडले, “चुना लई पडलाय! दुसऱ्या नंबरात घाला!” शेतकरी तावातावानं भांडायला लागला, हे त्याच्या दुप्पट आवाजात भांडले. माझे सासरे ह्याच दुकानात होते तेव्हा म्हणे सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायची आणि भाव ठरायचा, तिसऱ्याला कळायचा नाही. मग तो प्रकार बंद होऊन सौदा उघड्यावर आला. यार्डात आला, एवढंच. आमच्या घरात अजून रुमालाखालीच चाललं होतं.

मला वाटलं, आता हे काही परत येत नाहीत. दुसरी गाडी बघतील, तिसरी बघतील, दिवेलागण करतील. मी डबा उचलायला वाकले.

ते परत आले. दार लोटलं. मडक्यातलं पाणी भांड्यात घेतलं.

“कुठं हाय गोळी? गुळातली नको. तशीच दे.”

मी कनवटीची पुडी सोडली. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, सवयीनं चाखली, तोंड वाकडं केलं आणि गिळली. “ही परत घ्यायची म्हंजे शिक्षाच हाय. किती दिस?”

“आठवडाभर. तीनदा दिवसातनं. आनि दारूचा थेंब न्हाई, न्हाईतर ओकून ओकून...”

मी थांबले. त्यांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

“बना. त्या ताकदीच्या गोळ्या...”

“व्हय.”

“म्हंजे गुंडूला...”

“व्हय.”

आधी त्यांच्या पोटातून नुसता हुंकार आला. मग मी तोंडाला पदर लावला. मग आम्ही दोघं त्या चिकट गोडाऊनमध्ये एकमेकांचे खांदे धरून असे हसलो, की वरच्या गांधीलमाश्या उठल्या. “त्याची बायको माझ्या पाया पडती गं,” ते डोळे पुसत म्हणत होते, “माझ्या पाया पडती!” चार महिने माझ्या छातीवर एक धोंडा होता. तो उतरला असं नाही म्हणता येणार, पण निदान दोघांनी धरला.

हसू संपलं तसे ते खाली बघून म्हणाले, “झाली चूक.”

झाली. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूकही आपली आपणच झाली.

“ऐका,” मी म्हणाले. “मी भांडणार न्हाई असं म्हणत न्हाई. भांडीन, सवडीनं भांडीन. पर आधी मला एक सांगा. परत जाणार हाय?”

त्यांनी मान हलवली.

“मानेनं नको. तोंडानं.”

“न्हाई जाणार.”

“आनि गेलासा तर?”

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. त्यांनी बाहेर सौद्यात विचार करतात तेवढा विचार केला. “तर आधी सांगीन.”

“माझ्या अंगाला हात लावायच्या आधी.”

“व्हय. आधी.”

“माझं अंग हाय वो ते,” मी म्हणाले. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिला घास माझ्या हातात दिला. आम्ही मेथीची भाजी आणि खर्डा खाल्ला. जे झालं होतं त्याला आम्ही दोघांनी चारी बाजूंनी हात लावून बघितला होता. नाव तेवढं घेतलं नव्हतं. मी म्हटलं, असू दे. कळलं, गोळी पोटात गेली, बास झालं. माणसानं किती मागावं?

पण ते बास झालं नव्हतं, हे संध्याकाळी कळलं.

त्या दिवशी मालक दुकानातून लवकर निघाले आणि आम्ही दोघं बरोबरच घरी आलो. ऊन अजून भिंतीवर होतं. दारात आत्ती उभ्या, आणि त्यांच्या पायाशी बोचकं. वर माझी फणी खोवलेली दिसत होती.

“मुरगूडची शेवटची गाडी अजून हाय,” आत्ती म्हणाल्या. माझ्याशी नाही, लेकाशी. “हिला घालव.”

“आई, काय चालवलंयस?”

“मी चालवलंय?” त्यांनी मूठ उघडली. माझी, तांदळाच्या डब्यात लपवलेली पुडी. “करणीचं काय सापडतंय का म्हणून सगळं घर हुडकलं. ह्या सापडल्या. कोपऱ्यावरच्या कंपौंडरला दाखवल्या. त्यो आधी बोलंना, मग बोलला. असल्या बायकांच्या दुखण्याच्या हायत म्हणं ह्या. धोंडुबाईला झालंतं तसल्या.” त्यांचा आवाज चढत गेला. समोरच्या घरातलं दार हळूच उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. “कुठनं आणलंस गं, भवाने? कुणाच्या अंथरुणातनं आणलंस?”

मी सगळं बोलू शकले असते. दुपारी बोललेच होते. पण ह्या दारात माझ्या बोलण्याला काय किंमत, ते मला माहीत होतं. धोंडुबाईसुद्धा बोलली होती. गाडी सुटेपर्यंत बोलत होती. मी मालकांकडं बघितलं.

“आई,” मालक म्हणाले, “तिला उष्णता झालीया. दुसरं काय न्हाई.”

दुपारचा तो सगळा उजेड, ते हसणं, तो भाकरीचा घास, सगळं त्या एका शब्दाखाली परत झाकलं गेलं.

“उष्णता?” आत्ती म्हणाल्या. “आनि उष्णतेचं औषध चोरून तुला कशाला चारती? आं? तुला काय झालंय? सांग की! तुला झालंय काय?”

समोरच्या दारात आता दोन डोकी होती. मी वाकून बोचकं उचललं. जायला म्हणून नव्हे. माझी फणी खाली पडत होती. पण मालकांना ते जायला म्हणूनच वाटलं असावं. त्यांनी बोचक्याची गाठ धरली. मग ते बोलले, आणि हळू बोलले नाहीत.

“ठेव ते खाली. आई, हिनं काय केल्यालं न्हाई. राजकोटला मी बाईकडं गेलतो. दोन्ही उन्हाळ्यात गेलतो. दुखणं मी आणलंय, आनि हिला ते माझ्याकडनं लागलंय.”